खिडकीतील मिरची

(महोत्सवानिमित्त लहरीपुरा येथे झालेल्या सभेतील भाषण)



गेल्या दोन दिवसांत आपण याच व्यासपीठावरून संतवाङ्मयावर ऐकले, बडोदे संस्थानातील शिक्षणप्रसारावर ऐकले. त्यानंतर आज मी मिरचीवर बोलावयास उभा आहे. श्रीखंडाच्या वाटीनंतर पानात ठेचा पडावा तसे हे झाले आहे खरे. परंतु वाढपी मी नव्हे, आपले चिटणीस आहेत. माझ्या खिडकीतील झाडे त्यांनी रस्त्यावरून पाहिली आणि मला येथे आणून बसविले.

आधीच कबूल करतो की मी शेतकीचा पदवीधर नाही. उभा जन्म जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात गेला. मिरचीचे झाड वाढवावे कसे यापेक्षा ते मरते कसे हे मला अधिक चांगले ठाऊक आहे, कारण पहिल्या दोन वर्षांत मी अकरा झाडे मारली आणि प्रत्येकाची नोंद माझ्या वहीत आहे. ज्यांनी आजवर कुंडीला हात लावलेला नाही अशांसाठीच हे बोलणे आहे. जाणत्यांनी तेवढा वेळ खुशाल पान खाऊन यावे.

बडोदे हे बागांचे शहर म्हणून आपण पाहुण्यांना मिरवून दाखवितो. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली कमाटीबाग उभारली; पुढे लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले क्रुम्बिगल नावाचे जर्मन तज्ज्ञ महाराजांच्या सेवेत आले आणि येथून मग म्हैसूरला गेले. हे सारे तटाच्या बाहेरचे वैभव. तटाच्या आत, म्हणजे लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाज्यांमधल्या गावात, घराला घर चिकटलेले. येथे बाग म्हणजे चौकातली तुळस, आणि फार तर मोरीच्या पाण्यावर वाढलेले एखादे अळू. आमच्या वाड्यात मोरीपाशी मिरचीची दोन झुडपे असत. ती माझ्या आत्याची.

आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली. तिचे सासर कोल्हापूरकडचे. तिकडून येताना तिने लवंगी मिरचीचे बी आणले होते, आणि सासरचे म्हणून तिच्यापाशी एवढेच उरले होते. लवंगेसारखी बारीक म्हणून ती लवंगी. दर वर्षी पिकलेल्या लाल मिरच्यांतून ती बी काढी, सावलीत वाळवी, आगपेटीत भरून वर साल लिही. गुजरातच्या गोड वरणात राहून आमच्या घरचा ठेचा मात्र कोल्हापूरचा राहिला तो या आगपेटीमुळे. शेजारी वढवाणी मिरच्या तळून गाठियांबरोबर खात, आत्या त्या आवडीने खाई आणि म्हणे, "भाजी चांगली झाली आहे."

पुढे वाडा विकला, पाडला, आणि आम्ही जवळच दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांत आलो. त्याच वर्षी आत्या पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि जिना तिला कायमचा बंद झाला. सर्वांचे जेवण जिने रांधले तिला आता ताट हातात मिळू लागले. आम्हांला वाटे आपण सेवा करतो. तिला काय वाटत असेल ते ती बोलली नाही, फक्त एकदा म्हणाली, "माझ्याकडून कोणाचे काही अडत नाही रे आता." त्या संध्याकाळी मी दोन कुंड्या विकत आणल्या.

आता माझ्या चुकांकडे वळतो, कारण त्या आपल्या हातूनही होणार आहेत. पहिल्या वर्षी मी जूनमध्ये बी पेरले; शेतकरी रोपवाटिका तेव्हाच करतात म्हणून. पावसाळी आभाळ, त्यात खिडकी. रोपे सुतासारखी बारीक, फिकट, उजेडाच्या दिशेने मान ताणून वाढली, आणि मी रोज पाणी घातल्याने मातीलगत कुजून एकेक आडवी झाली. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत पेरले. रोपे उत्तम झाली. एप्रिलात कळ्या आल्या आणि गळून पडल्या. मी आणखी पाणी घातले. पाने पिवळी पडली. मी खत घातले. झाडे गेली. आत्या खाटेवरून पाहत होती. म्हणाली, "अरे, तू झाडाला पाणी घालतोस की त्याचा पाहुणचार करतोस?" आणि मग पुढचे बोलली, ज्यासाठी मी आज येथे उभा आहे: "पौषात ऊन माझ्या खाटेच्या पायाशी येऊन बसते. वैशाखात ते खिडकीच्या आतसुद्धा येत नाही. आणि तू झाड वैशाखात ठेवतोस."

वर्षभर त्या एका खिडकीकडे पाहण्यावाचून तिला दुसरा उद्योग नव्हता. मी हिशेबनीस असून मला जे दिसले नाही ते तिला दिसले होते. मी खडू घेऊन बसलो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तासातासाला उन्हाची कड फरशीवर आखली. कारण भूगोलात आपण सर्व शिकलो आहोत, फक्त कुंडीला लावीत नाही. कर्कवृत्त बडोद्याच्या उत्तरेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवरून जाते. म्हणून जूनच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंबहुना केसभर उत्तरेकडेच असतो. दक्षिणेच्या खिडकीला त्याचे किरण मिळत नाहीत, आणि वर छज्जा असला तर नावही नको. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य माध्यान्ही चव्वेचाळीस अंशांवर, दक्षिणेस कललेला असतो. तेव्हा खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, जवळजवळ तितके ऊन दुपारी खोलीत आत येते. म्हणजे शेतकऱ्याचा हंगाम वेगळा आणि खिडकीचा वेगळा. आपल्याकडे दक्षिणेच्या खिडकीतली मिरची हे हिवाळ्याचे पीक आहे.

तेव्हा कुंडी विकत घेण्यापूर्वी ऊन मोजा. पाच-सहा तास ऊन मिळत असेल तर मिरची भरपूर लागेल. पूर्वेच्या खिडकीत सकाळचे तीन-चार तास मिळाले तरी झाड जगते, फळ कमी येते. पश्चिमेची खिडकी हिवाळ्यात चालते, पण एप्रिल-मेमध्ये ती भट्टी होते. उत्तरेच्या खिडकीत मिरचीचा हट्ट धरू नये. तेथे पुदिना लावून समाधान मानावे. समोरच्या घराची भिंत आड येते का हेही पाहावे. आपल्या पोळांत खालच्या मजल्यावर दिवसभर दिवा लावावा लागतो आणि तिसऱ्या मजल्यावर पापड वाळतात, हे मी सांगावयास नको.

आमचा क्रम असा बसला. नारळी पौर्णिमेच्या सुमारास बी पेरावयाचे, नवरात्राच्या आसपास रोप मोठ्या कुंडीत, दिवाळीत फुले, मार्गशीर्षात हिरवी मिरची, आणि संक्रांतीला लाल. एखाद्या वर्षी आठवडा-दोन आठवडे पुढेमागे होते. रोपे लहान असताना सूर्य अजून उंच असतो, म्हणून तेवढे दिवस ती गजांच्या बाहेर, सकाळचे ऊन लागेल अशी ठेवावी आणि पावसाच्या सरीपासून जपावी.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून अर्धा सेंटीमीटर खोल टाकावे, त्याहून खोल नको. पंचवीस ते तीस अंशांची ऊब मिळाली तर आठ ते बारा दिवसांत कोंब दिसतो. वाण्याकडच्या सुक्या मिरचीतले बी उगवेल का, असे पुष्कळदा विचारतात. उन्हात वाळलेली, त्याच वर्षाची असेल तर बहुधा उगवते. जुनी किंवा भाजलेली असेल तर नाही. मात्र ती संकरित जातीची असेल तर झाड मूळ मिरचीसारखे निघेलच असे नाही. आमच्या गुजरातेत ज्वाला मिरची सर्वत्र मिळते आणि कुंडीत चांगली येते. नवख्याने तिच्यापासून आरंभ करण्यास हरकत नाही. तरुण मंडळींना भूत झोलकियाची हौस असते. ती ईशान्येकडची मिरची. २००७ साली गिनीजच्या पुस्तकात जगातील सर्वांत तिखट म्हणून तिची नोंद झाली. पण तिचे बी उगवावयास महिना घेते, तिला दमट हवा लागते, आणि एवढे करून आलेली मिरची खावयाची कोणी? असो.

कुंडी आठ ते दहा इंचांची, तळाला भोक असलेली. तेलाचा रिकामा डबा खिळ्याने भोके पाडून घेतला तरी चालतो. भोकावर खापरी ठेवावी. दोन भाग गाळाची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. शेण ताजे असेल तर मुळे जळतात. चरोतराकडची गोराडू माती कोणी आणून दिली तर नशीब समजावे. काळी चिकण माती असेल तर वाळू दुप्पट घालावी. एका कुंडीत एकच रोप. दोन ठेवण्याचा मोह सर्वांना होतो, मलाही झाला होता.

पाण्याविषयी जरा थांबून बोलतो, कारण खिडकीतली झाडे उपाशी मरत नाहीत, ती बुडून मरतात. घरात चार माणसे असली तर चौघेही जाता-येता गडूभर पाणी घालतात आणि प्रत्येकाला वाटते आपण एकट्यानेच घातले. मातीत बोट दोन पेरे खुपसावे. ओल लागली तर परत यावे. कोरडे लागले तर तळातून निथळेपर्यंत पाणी घालावे आणि बशीत साचलेले ओतून टाकावे. दुपारी पाने माना टाकतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. ती तहान नव्हे. सकाळीच माना टाकलेल्या दिसल्या तर मात्र बोट घालून पाहावे. आमच्या घरी पाणी घालण्याचा अधिकार आत्याकडे गेला, तिची खाट खिडकीपाशी सरकविली, आणि दुसऱ्या कोणी गडू उचलला तर ती ओरडू लागली. घरात तिचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला तो असा.

फुले आली म्हणजे फळ आलेच असे नाही. मिरचीचे फूल आपल्याच परागाने फळते, पण पराग हलावयास वारा लागतो, आणि बंद तावदानामागे वारा कोठला? सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फांदीला बोटाने हलकी टिचकी मारावी, दोन-तीन दिवस. आत्या हे काम जपमाळेच्या मण्यांप्रमाणे करी, एकही फूल चुकत नसे. नत्राचे खत जास्त झाले तर पाने गर्द आणि फुले कमी. कडक उन्हाळ्यात, रात्रही उकडू लागली म्हणजे, फुले गळतातच. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या कळ्या गेल्या त्या यामुळे. तेव्हा त्या दिवसांत झाडाकडून काही मागू नये.

रोगांत सर्वांत वाईट तो चुरडामुरडा, ज्याला आपले गुजराती शेजारी कोकडवा म्हणतात. पाने आक्रसून होडीसारखी वळतात. फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळे तसे होते, आणि पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूमुळेही. पानाच्या मागची बाजू पाहण्याची सवय ठेवावी. मावा, माशी सारे तेथेच लपते. पाण्याने पाने धुवावी, आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारावे. नवी पानेही वाकडीच येत राहिली तर झाड उपटावे. येथे दया दाखवू नये, शेजारची कुंडी जाते. दारावर लिंबू-मिरची बांधतात, मग मिरचीच्या झाडाला नजर लागली तर काय बांधावे, असा प्रश्न माझ्या नातीने विचारला होता. मजपाशी उत्तर नव्हते.

एका गोष्टीचे मला फार नवल वाटते. मिरची आपली नव्हेच. आयुर्वेदातील त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरे आणि पिंपळी; त्यात मिरची नाही, कारण ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. मुंबईकडे तिला पूर्वी गोवाई मिरची म्हणत. मिऱ्याचे नाव घेऊन आली आणि मिऱ्याची जागा घेऊन बसली. हंगेरीच्या सेंट-ग्योर्गी यांनी तिच्याच जातीच्या पाप्रिकातून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात काढले; १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आणि २०२१ साली ज्या दोघांना वैद्यकाचे नोबेल मिळाले, त्यांपैकी डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीतल्या कॅप्सेसिनवरूनच शोध लावला की चटका बसल्याची खबर देणारी आणि तिखट लागल्याची खबर देणारी मज्जातंतूंतील जागा एकच आहे. "तोंडाला आग लागली" हे आपण उगीच म्हणत नव्हतो.

हे तिखट बियांत नसते, आतल्या पांढऱ्या पडद्यांत असते. बी त्याला चिकटून तिखट होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून तोंड पोळल्यावर पाणी पिणे व्यर्थ. दूध किंवा दही घ्यावे. बी काढताना हाताला आधी तेल चोळावे, आणि नंतर साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला हात लावू नये. लहान मुले असतील तर कुंडी त्यांच्या हाताला लागेल अशी नको. पक्ष्यांना मात्र कॅप्सेसिन बोचत नाही. आमच्या खिडकीत लाल झालेली पहिली मिरची बुलबुलाने नेली. आत्या म्हणाली, "नेऊ दे, त्याने कोठेतरी पेरली असेल."

आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत आणि तिकडूनही हा प्रश्न येतो. त्यांना आपला हंगाम सांगू नये. लंडनला डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून पंधरा अंशच वर असतो. त्या उन्हात मिरची होणे नाही. तेथे फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरून उन्हाळाअखेर तोडावी, किंवा पांढरा एलईडी दिवा झाडावर वीतभर अंतराने रोज बारा-चौदा तास लावावा.

मिरचीचे झाड एका वर्षाचे समजून फेकू नका. हंगाम संपला की अर्धे छाटावे, उन्हाळा पूर्वेच्या उजेडात काढू द्यावा. पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा फळते. दोन-तीन वर्षे सहज जाते.

आत्याने चार हिवाळे मिरची काढली. पहिल्या मिरचीचा ठेचा तिने स्वतः बसल्या जागी खलबत्त्यात कुटला आणि आम्हां सर्वांना वाढला. त्या दिवशी तिचे ताट तिने कोणाच्या हातून घेतले नाही. ती गेल्यावर मी कुंड्या गच्चीवर टाकल्या आणि त्या खिडकीकडे पाहणे सोडले. पाच वर्षांनी कपाट आवरताना आगपेटी सापडली. वर तिच्या अक्षरात साल होते. मिरचीचे बी बेताचे ठेवले तर दोन-तीन वर्षे जोमदार राहते, पुढे त्याचा भरवसा नाही, हे तोवर मला कळले होते, म्हणून हात थरथरला. बेचाळीस बिया होत्या. सर्व एकदम पेरल्या नाहीत. निम्म्या पेरल्या, त्यांतली एकही उगवली नाही. उरलेल्या भिजवून ओल्या फडक्यात बांधून डब्यात उबेला ठेवल्या. एकोणिसाव्या दिवशी तीन मोडावल्या. एक रोप कोलमडले, दोन जगली. खिडकीत दुसरी कोणती मिरची मी ठेवली नाही, म्हणजे बी मिसळावयास नको. कोल्हापूरहून निघालेले ते सारे बी तेव्हा त्या दोन कुंड्यांत होते, आणि त्या हिवाळ्यात घरात कोणी खिडकीपाशी जोराने बोलले तरी मला आवडत नसे.

सभागृहाच्या दाराशी टोपली ठेवली आहे. तिच्यात नारळी पौर्णिमेला पेरलेली चोवीस रोपे आहेत, प्रत्येक चहाच्या कागदी पेल्यात, तळाला भोक पाडून. दक्षिणेची खिडकी असलेल्यांनी आधी हात पुढे करावा, पूर्वेवाल्यांनी नंतर, आणि एका घराला एकच. आठवडाभरात मोठ्या कुंडीत लावा, संध्याकाळी लावा. संक्रांतीनंतर ज्यांच्याकडे मिरची लाल होईल त्यांनी ती पहिली खाऊ नये. बी काढून सावलीत वाळवावे, निम्मे स्वतःकडे ठेवावे आणि निम्मे आगपेटीत घालून, वर साल लिहून, चिटणीसांकडे पोहोचते करावे. आगपेट्या मी आणल्या आहेत. त्या टोपलीच्या शेजारीच आहेत.